पोलीसबाईचं माप

जाकिटाच्या आत, मानेपाशी,
काळ्या मार्करनं कुणाचं तरी नाव आहे,
ह. दे. कुमोटी. अर्धं घामानं पुसलेलं.
तो बदलून अहेरीकडे गेला की निवृत्त झाला,
कोतमधल्या जमादारालाही आठवत नाही.
त्यानं रजिस्टरवर फक्त माझी सही घेतली:
नग एक, साइझ एल, सुस्थितीत.

सुस्थितीत आहेच ते.
मी नाही त्याच्यात.

उभी राहिले की ठीक.
मोर्चावर बसले की पुढची प्लेट वर सरकते
आणि हनुवटी धरते,
शाळेत मास्तर धरायचे तशी, वर बघ.
रायफलचा दस्ता खांद्यात बसायचा तिथं बसत नाही,
पट्ट्याच्या कडेवरून घसरतो.
सरावात माझ्या दोन गोळ्या बाहेर गेल्या.
साहेब म्हणाले, लक्ष कुठंय?
लक्ष इथंच होतं, साहेब,
काखेखालच्या चार बोटांच्या फटीत,
जिथून वारा येतो.
वारा येतो तिथून बाकीचंही येतं.

रोशना हिचामी बाळंतपणाच्या रजेवरून आली
ते मोहफुलं वेचायचे दिवस.
पहाटेपासून जंगलभर तो गोड, आंबूस वास.
सात किलोमीटर पायी, नाल्यानाल्यानं.
परतल्यावर तिनं जाकीट काढलं
तर बनियन समोरून भिजलेलं,
आणि तो घाम नव्हता.
ती भिंतीकडे तोंड करून बसली.
आम्ही कुणी काही बोललो नाही.
दुपारी तिनं जाकीट उलटं करून उन्हात टाकलं.
त्याला मुंग्या लागल्या.

शुक्रवारच्या बाजारात
बांगड्या आणि सुकटीच्या मधोमध
छबिला टेंभुर्णेची मशीन असते.
मी गेले होते ब्लाउजसाठी,
मावसबहिणीचं साक्षगंध होतं.
तिनं टेप टाकला आणि खांद्यापाशी थांबली.
काळानिळा.
"काहून वं माय, नवरा मारते का?"
"नाही वं. सरकार."

मग सगळं सांगावं लागलं.
"आन ना इकडं ते, दोन टाके घालून देतो."
म्हटलं, त्यात सुई जात नाही,
गोळी जाऊ नये म्हणून बनवलंय.
आणि आत चिठ्ठी शिवलीय:
जाकिटाशी छेडछाड करू नये.
तोंडाला पदर लावून ती इतकी हसली
की सुकटवाली तराजू सोडून बघायला लागली.

पुढच्या शुक्रवारी तिनं बंडी दिली.
जुन्या लुगड्याचं अस्तर, आत घरचा कापूस,
खांद्यावर जाड, छातीखाली पातळ,
काखेत मोकळी सोडलेली.
पैसे म्हणाली, दे सवडीनं.
ती आतून घातली की प्लेट दोन बोटं खाली राहते.
उन्हाळ्यात आत चूल पेटते, ते वेगळं.
फट आहे तशीच.

मे महिन्यात जिल्ह्याहून तक्ता आला.
जाकीट योग्य बसते काय? होय / नाही.
नाहीवर खूण केली.
खाली कारणासाठी एक रेघ होती,
बोटभर.
तिच्यावर मी रोशना लिहिलं, खोडलं,
मग खांदा लिहिलं,
आणि जागा संपली.

काल बंडीचे पैसे द्यायला गेले
तेव्हा छबिलानं वही उघडली,
लाल पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली.
सरपंचीणबाईंच्या पोलक्याखाली,
अंगणवाडीच्या मदतनीसबाईच्या वर,
पेन्सिलनं, तिच्या तिरप्या अक्षरात:

पोलीसबाई.
छाती छत्तीस, खालून एकतीस.
खांदा चौदा, मुंढा सोळा.
दुसरी पोलीसबाई, रोशना.
लेकरू पिते, दोन इंच सोडने.
बाकी वीस रुपये.